वरून घेतलेला श्वास

फुटलेल्या दगडाला वास असतो, हे ज्यानं दगड फोडला नाही त्याला सांगून पटत नाही. हातोडा नेमका शिरेवर बसला की काळ्या पाषाणाच्या पोटातून एक जळका, कोरडा, किंचित गंधकासारखा दर्प उठतो, क्षणभर नाकाशी रेंगाळतो, आणि त्याच्या मागोमाग ती पांढुरकी धूळ येते, जी दिसते कमी आणि बसते जास्त: पापण्यांवर, भाकरीवर, लुगड्याच्या चुण्यांत आणि, पुढे कळलं त्याप्रमाणे, छातीत. बहात्तरच्या दुष्काळात नळदुर्गाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आमच्या गावासाठी खडी फोडण्याचं काम निघालं होतं. वैशाखातलं ते आभाळ इतकं निरभ्र होतं की त्याच्याकडे पाहायचीच चीड येई. लिंबांची सावली विरळ झाली होती, विहिरींच्या तळाशी चिखलसुद्धा उरला नव्हता, आणि अख्खा गाव ढिगांमागे बसून ठाक् ठाक् करीत होता. आजही कुठं रस्त्याचं काम चाललेलं असलं आणि तो वास आला की माझा हात आपोआप पदराकडे जातो आणि मी नाक झाकून घेते. मला स्वतःला काही होत नाही. मला माझी माय आठवते.

तिचं नाव सोजर. अंगानं काटक, जिभेनं फटकळ, आणि हातात हातोडा असतानाही तोंड बंद न ठेवणारी. आमचं घर छप्पन्ननंतर बौद्ध झालेलं. वडील माझ्या लहानपणीच गेलेले. रान होतं, पण त्यात ज्वारीपेक्षा दगड चांगले यायचे. मायच्या शेजारच्या ढिगावर भामाक्का बसायच्या. गावातल्या सगळ्यांत मोठ्या शेतकरी घराची ही थोरली सून. एरवी त्यांच्या दारातून धान्याच्या गाड्या हलायच्या. पण विहिरीच आटल्यावर थोरपण कुठवर पुरणार? पहिले काही दिवस त्या तोंडावर पदर ओढून बसल्या, मग उन्हानं आणि घामानं तो पदर आपोआप खांद्यावर आणला. दोघी एका वयाच्या, दोघींच्या हातांना सारखेच फोड. सरकारी सुकडी एकाच कढईतून दोघींच्या पदरात पडे, धूळ दोघींच्या नाकात सारखीच जाई, आणि दुपारी ढिगाच्या आडोशाला दोघींच्या गप्पा अशा रंगायच्या की मुकादम वैतागायचा.

पाणी मात्र वेगळं होतं. टँकरनं आणलेलं पाणी रांजणात भरलं जाई. भामाक्का उठून तांब्या स्वतः बुडवून घेत. माय रांजणापासून हातभर लांब उकिडवी बसे आणि पाणी वाढणारा माणूस वरून धार सोडी. ओंजळीत घेतलं तर बोटांतून सांडतं आणि त्या वर्षी सांडणं म्हणजे पाप, म्हणून मायनं एक युक्ती अंगी बाणवली होती: मान पार मागे टाकायची, तोंड उघडायचं, श्वास रोखायचा आणि धार थेट घशात घ्यायची, घट् घट् घट्, थेंबही न सांडता, आणि भांड्याला, हाताला, कशालाच कुठं स्पर्श न होऊ देता. मीही तशीच प्यायला शिकले. त्या वेळी त्यात काही विशेष वाटत नसे, याचंच आज विशेष वाटतं.

दुष्काळ सरला. रस्ता झाला, त्यावरून रात्रंदिवस ट्रक धावू लागले, आणि आम्ही फोडलेली खडी डांबराखाली कायमची निजून गेली. काही वर्षांनी गावात दूध सोसायटी निघाली. मायनं एक म्हैस घेतली आणि तिच्यावर माझ्यापेक्षा जास्त जीव लावला, हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, नुसतं सांगते. भल्या सकाळी सोसायटीच्या पत्र्याखाली घराघरांतल्या दुधाच्या चरव्या जमत. सेक्रेटरी दूध आधी ढवळून घेई, मग नमुना काढी, मापातला फेस बसेपर्यंत थांबे, आणि मग सगळ्यांचं दूध एकाच कॅनमध्ये ओतलं जाई; भामाक्कांच्या गोठ्यातलं आणि आमच्या एकुलत्या एक म्हशीचंही. सुरुवातीला काही कपाळांना आठ्या पडल्या, परंतु शहरातल्या चहाला त्याची फिकीर नव्हती आणि सोसायटीला दूध कमीच पडत होतं, तेव्हा आठ्या आपोआप विरल्या. रिकामे कॅन धुऊन परत येत, आणि आज आपल्या गावचं दूध ज्यात गेलं तो कॅन उद्या कुठल्या गावाला जाईल, याचा नेम नसे. दारात पाण्याचा एक माठ होता. त्याला मात्र कुणी काही न सांगताही, ज्यांनी हात लावायचा नाही ते लावत नसत.

मी तोवर शिकून शेजारच्या गावच्या शाळेत मास्तरीण झाले होते, सकाळी एसटीनं जाई, संध्याकाळी येई, आणि पगाराच्या साडीत स्वतःला फार शहाणी समजे. याच दिवसांत मायच्या छातीत ती शीळ सुरू झाली. आधी नुसती पहाटे, थंडीत. मग चुलीच्या धुरात. मग कडब्याच्या धुळीत. आणि शेवटी सोसायटीपासून आमच्या वस्तीकडे येणाऱ्या चढणीवर. ती चढण तशी काही डोंगर नव्हे. वर एक लिंबाचं झाड आणि त्याला लागून आमची घरं. परंतु माय आता मध्येच दगडावर बसू लागली, एकदा, मग पुन्हा एकदा, रिकामी चरवी मांडीवर घेऊन, खांदे वर ओढून, मान ताणून, आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारलं तर म्हणे, "काय न्हाय, जरा वारं खायले." वारं खात होती, हे खोटं नव्हतं, ते पोटात जावं तसं छातीत मात्र जात नव्हतं.

मी तिला सोलापूरला नेलं. तिथले डॉक्टर तरुण होते, भले होते, आणि त्यांच्या दारात बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसली होती. दगडाच्या धुळीनं दमा चाळवला आहे, असं त्यांनी सांगितलं, आणि गोळ्यांसोबत एक पंप दिला: निळ्या प्लॅस्टिकच्या वाकड्या नळीत बसवलेली औषधाची छोटी पत्र्याची कुपी. "असं हलवायचं, तोंडात धरायचं, दाबायचं आणि श्वास ओढायचा," असं म्हणत त्यांनी त्यांच्याकडचा नमुना स्वतःच्या तोंडासमोर धरून दाखवला; ओठांना न लावता अर्थातच, कारण तोच नमुना दिवसभर सगळ्यांना दाखवायचा होता. "कळलं का, मावशी?" मायनं "व्हय, व्हय," म्हणून मान हलवली. डॉक्टरांपुढे कळलं नाही म्हणणारं माणूस आमच्या बाजूला अजून जन्माला यायचं आहे. मीही शेजारी बसून मान हलवली.

पंप आला, पण गुण येईना. गावानं आपापली मतं दिलीच: पंप म्हणजे शेवटची पायरी, एकदा लागला की सुटत नाही, दारूसारखी सवय लागते. माय त्या बोलण्याकडे लक्ष देत नव्हती. पंप अगदी नेमानं घेत होती, पण घेताना पाठ फिरवून उभी राही, कारण चारचौघांसमोर आ वासणं तिला बरं वाटत नसे. पंप सरत होते, शीळ वाढत होती. गोळ्या वाढवल्या तर तिचे हात थरथरू लागले, दूध काढताना धार चरवीबाहेर जाऊ लागली, आणि म्हैसही तिच्याकडे वळून बघू लागली. आश्विन संपता संपता मी तिला पुन्हा सोलापूरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेतलं. एवढ्या औषधानंही फरक पडत नसेल तर दमा हाताबाहेर चाललाय, म्हणाले. येत्या थंडीत मोठा झटका आला, तर इथवर आणायला वेळ मिळेल असं धरून चालू नका. परतताना एसटीच्या खिडकीतून करडईची कोवळी रानं मागे पळत होती, माय माझ्या खांद्याला टेकून झोपली होती, तिच्या छातीतली शीळ इंजिनाच्या घरघरीतूनही मला ऐकू येत होती, आणि मी इतकी घाबरले होते की उतरायचा थांबा जवळ आला तरी मला तिला उठवावंसं वाटेना.

त्यानंतरचा एक रविवार. कार्तिकातली सकाळ, अंगणात लख्ख ऊन, शेणसड्याचा ओला वास. मी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसले होते आणि माय, मी खाली मान घालून कामात आहे असं समजून, अंगणात माझ्याकडे तोंड करूनच पंप घ्यायला उभी राहिली. टोपण काढलं. पंप चांगला हलवला. ते अगदी बरोबर. मग तिनं मान पार मागे टाकली, तोंड उघडलं, पंप चेहऱ्याच्या वर वीतभर उंच धरला आणि दाबला. फुस्. पांढरी वाफ उतरली, थोडी नाकावर, थोडी गालावर, बरीचशी वाऱ्यावर. आणि मायनं श्वास रोखून, घसा हलवून, घट्कन गिळलं. मग पदरानं ओठ टिपले.

हातातलं सूप बाजूला पडलं. मी ओरडलेच. "माय! काय करायलीस गं ह्ये?"

"काय करायले? औषिद घ्यायले."

"अगं, तोंडात धरायचं असतंय ते! ओठ लावायचे असतात!"

"व्हठ?" मी काही भलतंच बोलले असेन अशा नजरेनं पाहत तिनं पंप पदराआड घेतला. "उष्टं व्हतंय की."

"होऊ दे ना उष्टं! तुझंच हाय न्हवं?"

"आज माझं हाय. सरल्यावर?" असं म्हणून ती आत गेली आणि कोनाड्यातून एक फडक्याचं गाठोडं घेऊन आली. आत आजवरचे रिकामे पंप होते. राखेनं घासलेले, धुतलेले, उन्हात वाळवलेले. "ह्ये डाक्टरला वापस द्याचे हायत. पुन्यांदा भरून दुसऱ्याला देत्यात न्हवं, आपल्या कॅनावानी? माझं तोंड लागलेलं कुणाच्या तोंडात जायचं, बाय? त्या माणसाला कळलं तर काय म्हनंल?"

मला आधी हसू फुटलं, मग रडू आलं, आणि मग असा संताप आला की तो कुणावर काढावा तेच कळेना. जिचा जीव चालला होता ती बाई पुढच्या रोग्याच्या ओठांची काळजी करीत होती! वरून पाणी पिण्याची रीत आमच्याकडे घरोघर आहे, भांडं उष्टं होऊ नये म्हणून सगळेच तांब्या उंच धरतात; पण भामाक्कांचं वरून पिणं हे नुसतं वळण होतं, आणि मायचं वरून पिणं ही जन्मभराची ताकीद होती. रांजणापासून हातभर लांब उकिडवी बसलेली ती, मागे टाकलेली मान, रोखलेला श्वास, सगळं माझ्यासमोर जसंच्या तसं उभं राहिलं. दुष्काळात त्या युक्तीनं तिनं पाण्याचा थेंब वाया जाऊ दिला नव्हता, आणि आता त्याच युक्तीनं औषधाचा थेंबही आत जाऊ दिला नव्हता. धार घेताना श्वास घेतला तर ठसका लागतो, हे तिच्या घशाला पक्कं ठाऊक होतं. आणि डॉक्टर म्हणत होते, श्वास ओढा.

पंप परत जात नाहीत, पुन्हा भरत नाहीत, सरले की टाकून देतात, हे तिला पटवायला मला अर्धा तास लागला. एवढी चांगली वस्तू टाकतात, याचं तिला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. मग एकदाचे ओठ लागले, तेही भीत भीत, गरम चहाला लावावेत तसे. पण दाबलं की श्वास बंद! पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. पहिलीच्या पोरांना मी अक्षरं गिरवायला लावते, नाठाळातलं नाठाळ पोर माझ्यासमोर सुतासारखं सरळ येतं, हा माझा तोरा तिथं अंगणात पार गळाला. मी चिडले, ती चिडली. "तुझ्या साळंतली न्हाय मी," म्हणाली, आणि तरातरा चुलीपाशी जाऊन बसली. मीही हात टेकले.

चूल विझत आली होती. मायनं सवयीनं फुंकणी उचलली, लोखंडी, काळी, टोकाशी झिजून गुळगुळीत झालेली, तिला ओठ घट्ट लावले आणि फुंकर घातली. निखारे लाल झाले. मी बघतच राहिले.

"ही बघ! हिला कसे ओठ लावतीस?"

"ती आपली हाय."

"मग ह्योबी आपलाच हाय. फुंकणीच समज. फक्त उलटी. बाहेर फुंकायचं न्हाय, आत ओढायचं."

फुंकणी हातात तशीच धरून ती बराच वेळ निखाऱ्यांकडे पाहत राहिली. तिचं डोकं चालू लागलं की तिची डावी भुवई वर जाते, ती गेली. मग म्हणाली, "म्हंजी आदी समदं फुकून मोकळं व्हायचं. मग उलटी वढायची."

धुरातून तिला बाहेर ओढत आणलं. ती ताठ बसली. पंप हलवला, दूध ढवळल्यावाचून नमुना घेत नाहीत तसा. छातीतली होती नव्हती तेवढी हवा हळूहळू बाहेर सोडली. नळी ओठांत धरली, घट्ट, फुंकणीसारखी. आणि आत ओढायला लागता लागता दाबलं. या वेळी वाफ कुठंच दिसली नाही. ना नाकावर, ना गालावर. मी म्हणाले, आता धरून ठेव, सोडू नको. आणि किती वेळ, हे कसं सांगावं याचा मी विचार करीत असतानाच तिनं एका हातानं मला गप्प केलं, दुसऱ्या हाताचा पंजा सेक्रेटरी मापावर धरतो तसा हवेत धरला, आणि फेस बसायला लागतो तेवढा वेळ ती डोळे मिटून थांबली. मग श्वास सोडला.

"गार लागलं," ती म्हणाली. "हितं, आत."

थोडा वेळ थांबून तिनं दुसऱ्यांदा तसाच घेतला. आम्ही दोघी उन्हात बसून राहिलो. काही मिनिटांनी मला जाणवलं की अंगणात काहीतरी कमी झालं आहे. म्हशीच्या रवंथाचा आवाज येत होता, दूर रस्त्यावरून एक ट्रक गियर बदलत चढत होता, लिंबावर कावळा होता, शीळ नव्हती. मायनंही ते ऐकलं असावं, कारण तिनं छातीवर हात ठेवला, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत गेलं गं, बाय." एवढंच. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान पोरीसारखी रडले, आणि तिनं माझ्या पाठीवर थोपटत मला विचारलं की सुपातले तांदूळ कोंबड्यांनी खाल्ले ते कुणाच्या नावावर धरायचे.

ती थंडी गेली. डॉक्टरांनी सांगितलेला झटका आला नाही. गोळ्या कमी झाल्या, हातांची थरथर थांबली, दूध पुन्हा चरवीत पडू लागलं, आणि पंप मायच्या कमरेच्या चंचीत पान-सुपारीच्या शेजारी राहू लागला. रिकामे पंप मात्र तिनं टाकले नाहीत. असू देत, म्हणाली, न जाणो.

माघात ज्वारीची काढणी चालू होती आणि हवेत कडब्याची गोडसर, घशाला खवखवणारी धूळ तरंगत होती. सुट्टीचा दिवस होता म्हणून मी मायसोबत सोसायटीत गेले होते. भामाक्काही नेहमीसारख्या स्वतःच दूध घालायला आल्या होत्या. गडीमाणूस वाटेत पाणी घालील या संशयानं त्यांनी आयुष्यभर कुणावर भरवसा ठेवला नाही. दुष्काळातली धूळ त्यांच्याही छातीत बसली होती, हे गावाला माहीत होतं. त्यांनाही कुठल्याशा डॉक्टरांनी पंप दिला होता, तोही लागू पडत नव्हता, आणि गेल्या पंधरवड्यात त्यांना दोनदा गाडीत घालून न्यावं लागलं होतं. त्या पत्र्याखाली आल्या, चरवी ठेवली, आणि कडब्यानं भरलेली बैलगाडी शेजारून गेली तसा त्यांचा श्वास अडकला. त्या खालीच बसल्या. खांदे वर आले, मानेच्या शिरा ताठल्या. थरथरत्या हातानं त्यांनी बटव्यातून पंप काढला, मान मागे टाकली, तोंड उघडलं, पंप वर धरला आणि दाबला. फुस्. वाफ गालावरून उडून गेली, आणि भामाक्कांनी घट्कन गिळलं.

मला वाटलं मी स्वप्नात आहे. तीच मान, तोच घसा! सेक्रेटरी डोक्यावरची टोपी काढून त्यांना वारा घालू लागला, कुणी पाणी पाणी ओरडलं, आणि मला हलायचं सुचण्याआधी माय पुढे झाली होती. तिनं भामाक्कांच्या हातातला पंप काढून घेतला. "तसं न्हाय, आक्का. पानी न्हवं ते. बगा, माज्याकडं बगा." आणि दाखवण्याच्या भरात तिनं तो पंप, भामाक्कांचा पंप, स्वतःच्या ओठांत घट्ट धरला.

 सेक्रेटरीची टोपी हवेत थांबली. मायच्या तेव्हा ध्यानात आलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. तिनं पंप झट्कन ओठांतून काढला आणि पदराच्या टोकानं पुसू लागली, पुसतच राहिली, जणू आता पुसण्याखेरीज दुसरं काही करायचं उरलंच नव्हतं. समोर भामाक्कांचे ओठ निळे पडत चालले होते. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी मायचं मनगट धरलं, पुसणारा तो हात थांबवला, आणि पंपासकट आपल्या तोंडाशी ओढला.

माय भानावर आली. तिचा आवाज एकदम खालचा, ठाम झाला. तसा मी तिचा आवाज म्हैस विताना ऐकला होता, एरवी नाही. "आदी सोडा. जेवढा निगंल तेवढा दम भाईर सोडा. आता व्हठ मिटा, आक्का. घट मिटा, फुकनीवानी. म्या दाबते, तुमी वढा. हळू... हळू वढा... आता धरा. मापातला फेस बसंस्तोर धरा." आणि पत्र्याखाली जमलेल्या सगळ्यांनी, मला खात्री आहे, आपापला श्वास धरला होता.

दुसऱ्यांदा घेतल्यावर खांदे खाली आले. ओठांना रंग आला. भामाक्का खांबाला टेकल्या, डोळे मिटून, आणि काही वेळानं म्हणाल्या, "पानी." मायपाशी चरवी विसळायला आणलेला तिचा तांब्या होता. ती उठली, पुढे झाली, तांब्या उंच धरला आणि वरून धार सोडली. भामाक्कांनी बसल्या जागी मान मागे टाकून ती घेतली.  तोंड पुसून भामाक्का म्हणाल्या, "डाक्टरनं सांगितलं व्हतं गं सोजरे, तोंडात धर म्हून. पर कारखान्यातनं आलेलं, कुनाकुनाच्या हातातनं गेलेलं. म्हून म्या व्हठ लावीत न्हवते."

"व्हय की," माय म्हणाली.

एकीला वाटत होतं आपलं तोंड कुणाला लागू नये, दुसरीला वाटत होतं कुणाचं आपल्याला लागू नये, आणि तेवढ्यासाठी दोघी एकाच गावात एकाच तऱ्हेनं गुदमरत होत्या. त्या दिवसानंतर भामाक्कांनी काय केलं, त्याबद्दल गावात दोन गोष्टी ऐकू येत: कुणी म्हणे त्यांनी नवा पंप आणवला, कुणी म्हणे तोच वापरत होत्या. मी चौकशी केली नाही. त्या पुढे बरीच वर्षं जगल्या, एवढं मला माहीत आहे. सोसायटीच्या दारातला माठही पुष्कळ दिवस तसाच होता.

पण त्या सकाळी घरी परतताना मला ते पाणी सलत होतं. मायनं तांब्या सरळ हातात द्यायचा होता! ज्या बाईनं तिच्या तोंडचा पंप तोंडात घेतला, तिला पाणी पुन्हा वरूनच का? जन्मभराची ती ताकीद इतकं झाल्यावरही सुटू नये? चढणीच्या पायथ्याशी मी तिला तसं विचारलं, आणि मास्तरीण असल्यामुळे जरा लांबणच लावली.

माय पुढे चालत होती. "अगं, हात कसे कापायले व्हते तिचे," ती न थांबता म्हणाली. "तांब्या दिला असता तर सांडला असता की. कुनाच्या हातात काय द्यावं, त्येला माणसाकडं बगावं लागतंय."

 तिला खरंच तेवढंच वाटलं होतं, की तिनं मला तेवढंच सांगितलं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. उन्हात रिकामी चरवी लकाकत होती, कडब्याचा वास येत होता, आणि ज्या दगडावर ती बसायची तो दगड मागे पडला, मग दुसराही मागे पडला. ती बोलतही होती, म्हशीबद्दल, सेक्रेटरीच्या टोपीबद्दल, आणि चालतही होती. लिंबापाशी पोचून तिनं मागे वळून पाहिलं, तेव्हा मी अर्ध्या चढणीवर कमरेवर हात ठेवून उभी होते.

"का गं, मास्तरीणबाई," वरून ती हसत ओरडली, "दम लागला व्हय?"